बिल्डरने बांधलेलं पाम स्प्रिंग्स

गुरुवार

सकाळी लॉस एंजेलिसहून निघालो, मी आणि माझी आत्तेबहीण. ताई तिकडे बरीच वर्षं राहते, त्यामुळे गाडी तिच्या हातात आणि कुठे थांबायचं, काय बघायचं ती यादी माझ्या हातात. फेब्रुवारी मुद्दाम निवडला होता. २००६ पासून दरवर्षी या महिन्यात पाम स्प्रिंग्सला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या या गावाला, मॉडर्निझम वीक हा गेल्या शतकातल्या मॉडर्न वास्तूंचा उत्सव भरतो आणि एरवी ज्या घरांची आपल्याला रस्त्यावरून फक्त भिंत दिसते त्यातली कितीतरी घरं तेव्हा तिकीट काढून आतून बघता येतात. शिवाय हवा. जुलैमध्ये इथे ४० च्या वर पारा जाणं रोजचंच, २०२४ च्या जुलैमध्ये तर ५१ सेल्सिअस ओलांडलं होतं. फेब्रुवारीत मात्र दिवसभर पायी फिरता येतं.

आय-टेन हायवेने शंभरेक मैल. सॅन गोर्गोनियोच्या खिंडीत शिरलो की वारा गाडीला ढकलतो हे शब्दशः जाणवतं, दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांची रांगच रांग. आणि मग उजवीकडे सॅन हसिंटो पर्वत. १०,८३४ फूट, आणि तोसुद्धा हळूहळू चढत जाणारा नाही, सपाट वाळवंटातून एकदम उभा राहिलेला. हा पर्वत लक्षात ठेवायचा कारण पुढे प्रत्येक घरात तो येतो. पॅसिफिककडून येणारे ढग हाच अडवतो म्हणून पलीकडे वाळवंट आहे, दुपार कलली की सूर्य याच्याच मागे जातो म्हणून गावात लवकर सावली पडते, आणि आर्किटेक्ट मंडळींनी काचेच्या भिंती कुठे लावायच्या हे बहुतेक वेळा याच्याकडे बघून ठरवलं.

गावात शिरताना पहिली इमारत दिसते ती एकेकाळचा पेट्रोल पंप. १९६५ साली आल्बर्ट फ्राय आणि रॉब्सन चेंबर्स या आर्किटेक्टनी केलेला. त्याचं छप्पर म्हणजे एक टोक रस्त्याच्या दिशेने आभाळात झेपावलेलं प्रचंड पातं. साधा पंप आहे हो, गाडीत पेट्रोल भरायची जागा, पण शहरात येणाऱ्याने पहिल्यांदा हे बघावं असा विचार कुणीतरी केला आणि तो सरकारी खर्चाने केलेल्या स्मारकासारखा दिसतो. नव्वदच्या दशकात ही वास्तू जवळजवळ गेलीच होती. गावातल्या लोकांनी आरडाओरडा केला, १९९९ मध्ये पाम स्प्रिंग्स मॉडर्न कमिटी उभी राहिली ती अशाच धोक्यांमुळे, आणि आज तिथे शहराचं व्हिजिटर सेंटर आहे. नकाशे तिथूनच घेतले.

संध्याकाळी सिटी हॉल. हाही फ्रायचा, जॉन पोर्टर क्लार्क आणि चेंबर्स यांच्याबरोबर, पन्नाशीच्या दशकातला. दारासमोरच्या पोर्चच्या छतात मोठं गोल भोक आहे आणि त्यातून पामची झाडं वर गेलीत, आणि पलीकडे कौन्सिलच्या सभागृहाच्या दारावर तेवढ्याच आकाराची गोल चकती छत म्हणून लावलीय. जणू इथून कापली आणि तिथे ठेवली. पण मला त्याहून जास्त आवडली ती ऑफिसच्या खिडक्यांपुढची जाळी. धातूचे पाइप घेऊन तिरके कापलेत, अगदी भाजीवाला दुधी तिरका कापून दाखवतो तसे, आणि ते तुकडे एकाला एक लावून अख्खा पडदा उभा केलाय. उन्हाची तिरीप थेट आत येत नाही, उजेड मात्र येतो. खर्च काही फार नसणार, पाइपच तो. हे डोक्यात राहिलं कारण पुढचे सगळे दिवस हेच परत परत दिसत गेलं, की स्वस्तातली वस्तू घ्यायची आणि तिला विचाराने महाग करायचं.

शुक्रवार

आज ट्विन पाम्स. या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण माझ्या मते हेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाम स्प्रिंग्स म्हटलं की लोकांना नटनट्या, स्विमिंग पूल, श्रीमंती हेच आठवतं. ते खोटं नाही. पण ज्या घरांमुळे हे गाव आज जगभर ओळखलं जातं ती बहुतांश घरं कुणा कोट्यधीशाने हौसेने बांधून घेतलेली नाहीत, ती बिल्डरने ओळीने बांधून विकलेली स्कीममधली घरं आहेत. बिल्डर म्हणजे जॉर्ज अलेक्झांडर आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट. अलेक्झांडर कन्स्ट्रक्शन कंपनी. १९५५ ते १९६५ च्या दरम्यान या खोऱ्यात त्यांनी २,००० पेक्षा जास्त घरं बांधली. आणि आर्किटेक्ट पामर अँड क्रिसेल, त्यातले विल्यम क्रिसेल हे या वस्तीचे खरे शिल्पकार. यांची जोडी आधी लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत जमलेली होती, तिथे स्वस्त मॉडर्न घरं चालतात हे सिद्ध करून मग ते वाळवंटात आले. १९५७ ची ट्विन पाम्स ही इथली त्यांची पहिली वसाहत. नाव का, तर प्रत्येक प्लॉटवर पामची दोन झाडं.

सकाळी आठलाच तिथे पोचलो, पायी फिरायचं होतं. रस्ते शांत, फुटपाथ जवळपास नाहीतच, आणि घरं एकामागे एक. एकाचं छप्पर फुलपाखराच्या पंखांसारखं दोन्ही बाजूंना वर उचललेलं, पुढच्याचं साफ सपाट, त्याच्या पुढच्याचं उतरतं, मग परत फुलपाखरू पण आडवं. ताई म्हणाली, "प्रत्येकाने वेगळं डिझाइन करून घेतलंय गं." दिसतं तसंच. पण आतला नकाशा जवळपास सगळ्यांचा एकच आहे! साधारण १,६०० स्क्वेअर फुटांचा चौकोन. चौकोन असल्याचा फायदा असा की तो प्लॉटवर नव्वद अंशात फिरवून ठेवला तरी चालतो, मग एका घराची जी बाजू रस्त्याकडे ती पुढच्या घराची बगलेकडे. कधी घर रस्त्यापासून थोडं मागे सरकवायचं, कधी पुढे, कारपोर्ट, म्हणजे गाडी ठेवायची उघडी शेड, कधी डावीकडे कधी उजवीकडे, छपराचे चार-पाच प्रकार, दर्शनी भिंतीला कुठे दगड कुठे सिमेंटची जाळी, आणि झालं. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळ्यांना प्रत्येक घरात तेच माप, तेच काम, त्यामुळे वेळ वाचतो, माल घाऊक घेता येतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला एकही घर दुसऱ्यासारखं वाटत नाही. क्रिसेल लँडस्केपचंही काम करायचे त्यामुळे झाडंसुद्धा या हिशोबात धरलेली.

एक घर आतून बघायला मिळालं. बुटांवर निळी कव्हरं घालून आत सोडतात, एका वेळी थोडेच लोक. रस्त्याकडून हे घर अगदीच घुमं दिसतं, लांबलचक कोरी भिंत, छताखाली एक काचेची पट्टी, बस. आत पाय टाकला आणि समोरची अख्खी भिंतच काचेची, पलीकडे पूल, पलीकडे पर्वत. आधी लपवायचं आणि मग एकदम दाखवायचं. घर लाकडी खांब आणि तुळयांवर उभं आहे, छताचं वजन भिंतींवर नाहीच, म्हणून भिंतीच्या जागी छतापर्यंत काच लावता येते. मी बराच वेळ एकाच तुळईकडे बघत उभी होते. ती बैठकीच्या डोक्यावरून निघते, काचेतून आरपार बाहेर जाते आणि बाहेर सावलीला धरलेल्या पुढच्या छताला तोलते. आत पांढरी, बाहेर तीच पांढरी, मध्ये काच इतकी बेमालूम बसवलीय की घर कुठे संपलं तेच कळत नाही. तो पुढे आलेला छताचा भाग पण उगाच नाही. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा काचेवर ऊन पडू नये, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा ऊन आत यावं, एवढा हिशोब त्या पुढच्या छज्ज्यात आहे.

सिमेंटच्या जाळीबद्दल थोडं. ही साच्यात ओतलेली पोकळ ब्लॉकची जाळी, कुठे चौकोन कुठे वर्तुळ कुठे तारा असे आकार. एका घराच्या दारापुढे अशी जाळीची भिंत होती आणि साडेनऊच्या उन्हात तिची सावली फरशीवर पडली होती, ती जाळीसारखी दिसत नव्हतीच, तिरकी होऊन भलत्याच आकाराची झाली होती आणि आम्ही पूल बघून परत आलो तोवर ती दाराजवळून सरकून कुंडीपर्यंत गेली होती. वारा आत येतो, रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही, ऊन चाळून येतं. आणि किंमत काय, तर सिमेंटचा ठोकळा.

फुलपाखरी छपराचं एक. पाऊस पडला की पाणी मध्ये घळीत जमणार, कुठलाही गवंडी डोक्याला हात लावेल. पण इथे वर्षाला पाच इंचांच्या आसपास पाऊस. ज्या गावात पाऊसच नाही तिथे छपराला पाणी वाहून नेण्याची फारशी चिंता नसते, ते उचलून पर्वताकडे उघडं करता येतं. ही छपरं म्हणूनच इथली वाटतात.

दुपारी शेजारचं ओकोटिल्लो लॉज बाहेरून बघितलं, तेही अलेक्झांडर-क्रिसेलचंच, घर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना उतरवायला त्याचा उपयोग व्हायचा. मग ऊन्हं चढली तसं परत.

शनिवार

आज दुमजली बसची टूर घेतली होती, वरचा मजला उघडा. भिंतीपलीकडे डोकावायचं असेल तर हाच मार्ग. लास पाल्मास ही गावातली पहिल्यापासूनची श्रीमंत वस्ती, पर्वताच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे खिंडीतून येणारा वारा इथे कमी लागतो आणि दुपारी सावली लवकर. ओल्ड लास पाल्मासमध्ये १९२०-३० च्या दशकांतली स्पॅनिश धर्तीची घरं, लाल कौलं, जाड भिंती, अंगणं. आणि लगेच शेजारी व्हिस्टा लास पाल्मास, म्हणजे परत अलेक्झांडर आणि क्रिसेल, पन्नाशीचा शेवट, थोडी मोठी घरं, थोडे मोठे प्लॉट. मध्येच जमिनीपर्यंत उतरणाऱ्या टोकदार छपरांची काही घरं येतात, ती चार्ल्स डुबॉइसची, त्यांना सगळे स्विस मिस म्हणतात. वाळवंटात आल्प्सचं छप्पर! पण बघायला छान वाटतात, समोर पाम आणि मागे पर्वत असला की त्या टोकाला अर्थ येतो.

याच वस्तीत ते हाउस ऑफ टुमॉरो. रॉबर्ट अलेक्झांडर आणि त्यांची बायको हेलन यांचं स्वतःचं राहतं घर, डिझाइन क्रिसेलचंच, गोल गोल खोल्या एकमेकींना जोडलेल्या, तीन पातळ्यांवर, मध्ये टांगती शेकोटी. १९६२ मध्ये एका मोठ्या मासिकाने ते उद्याचं घर म्हणून छापलं. लोक मात्र इथे येतात ते एल्विस प्रेस्लीसाठी, त्याने १९६६ मध्ये भाड्याने घेतलं आणि मे १९६७ मध्ये लग्नानंतर तो आणि प्रिसिला इथे आले. गाईडनेही एल्विसवर बराच वेळ घालवला. मला मात्र राहून राहून त्या मूळ कुटुंबाचं वाटत होतं. १४ नोव्हेंबर १९६५ ला पाम स्प्रिंग्सहून निघालेलं छोटं विमान कोसळलं, त्यात जॉर्ज आणि त्यांची बायको, रॉबर्ट आणि हेलन, चौघंही गेले. दहा वर्षांत अख्ख्या खोऱ्याचा चेहरा बदलणारी कंपनी एका दिवसात संपली. एल्विस राहायला आला ते घर असं रिकामं झालेलं होतं, आणि हे सांगायला गाईडला एक वाक्य पुरलं. जास्त हवं होतं.

बसमधून उतरून आम्ही दोघी पायी कॉफमन हाउसकडे गेलो. हे घर आतून बघता येत नाही, खाजगी आहे, झाडांमधून जेवढं दिसतं तेवढंच. आर्किटेक्ट रिचर्ड नॉयट्रा, १९४६. मालक एडगर कॉफमन, पिट्सबर्गचे मोठे दुकानदार. फ्रँक लॉइड राइटकडून धबधब्यावरचं जगप्रसिद्ध घर बांधून घेतलं ते हेच, आणि मग वाळवंटातल्या घरासाठी त्यांनी राइटला न विचारता नॉयट्राला विचारलं. नकाशा भिरभिऱ्यासारखा, मध्ये बैठक आणि चार दिशांना चार हात पसरलेले, एकात मालक, एकात पाहुणे, एकात नोकर, एकात गाडी. शहराचा नियम असा की दुसरा मजला बांधायचा नाही, तर नॉयट्राने गच्चीवर छत घातलेली उघडी बैठक केली, बाजूंना अॅल्युमिनियमच्या उभ्या फिरत्या पट्ट्या, शेकोटीसकट. नियमाप्रमाणे तो मजला नाही. पण घरातली सगळ्यात सुंदर जागा तीच असणार.

१९४७ मध्ये ज्युलियस शुलमन यांनी संध्याकाळी काढलेला या घराचा फोटो बहुतेक आर्किटेक्चरच्या पोरांनी पाहिलेला असतो. घरात दिवे लागलेत, मागे डोंगर निळा-काळा, पूलच्या काठावर मिसेस कॉफमन आडव्या झाल्यात. पूलमधल्या दिव्याचा उजेड कॅमेऱ्यात थेट येऊ नये म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. शटर उघडून-मिटून पाऊण तास तो फोटो चालला होता.

पण या घराची पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. १९५५ मध्ये कॉफमन गेले, घर काही वर्षं रिकामं राहिलं, मग मालक बदलत गेले, त्यात गायक बॅरी मॅनिलोही होता, आणि प्रत्येकाने काहीतरी वाढवलं, अंगण बंदिस्त केलं, छपरावर एसीची यंत्रं टाकली. नव्वदीच्या सुरुवातीला हॅरिस दाम्पत्याने घेतलं तेव्हा ते बराच काळ विकायला पडून होतं, पाडूनही टाकलं असतं कुणी. त्यांनी मार्मोल रॅडझिनर या आर्किटेक्टना बोलावलं आणि शुलमनचे जुने फोटो समोर ठेवून घर परत मूळ स्थितीत आणलं. मूळ दगड युटाच्या ज्या खाणीतून आला ती बंद झालेली होती, ती या घरासाठी परत उघडायला लावली. छताच्या कडेची पत्र्याची पट्टी मूळ होती तशी वळवता यावी म्हणून तसं यंत्रच विकत घेतलं. २००८ च्या लिलावात बोली १५ मिलियन डॉलरवर गेली होती पण तो व्यवहार फिस्कटला, आणि पुढे २०२२ मध्ये घर १३ मिलियनच्या आसपास विकलं गेलं.

हे दुरुस्तीचं प्रकरण गाजलं आणि तिथून गावाचं नशीब फिरलं असं मानतात. म्हणजे बघा, सत्तरच्या दशकापासून पैसा खोऱ्यात खाली, रँचो मिराज आणि पाम डेझर्टकडे सरकला, नवे गोल्फ क्लब, नवे मॉल तिकडे. पाम स्प्रिंग्स मागे पडलं. आणि मागे पडल्यामुळेच ही घरं वाचली! जमिनीला भाव नव्हता म्हणून पाडून नवीन बांधायला कुणी येत नव्हतं. जिथे पैसा होता तिथे काय झालं, तर रँचो मिराजमध्ये नॉयट्राचंच १९६२ चं मॅस्लन हाउस २००२ मध्ये नव्या मालकाने घेतल्यावर लगेच पाडून टाकलं. एका आर्किटेक्टची दोन घरं, एकाच खोऱ्यात, दोन टोकांची नशिबं. नव्वदच्या दशकात लॉस एंजेलिसहून फोटोग्राफर, डिझायनर, फॅशनमधली मंडळी, गे जोडपी अशी बरीच लोकं इथे येऊन ही पडीक घरं स्वस्तात घेऊ लागली आणि नंतर घातलेले गालिचे, खोटी छतं, नक्षीदार दारं काढून टाकू लागली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे काय आहे.

गायक फ्रँक सिनात्राचं घर संध्याकाळी गाडीतूनच बघितलं. १९४७, आर्किटेक्ट ई. स्टुअर्ट विल्यम्स. सिनात्राला जुन्या इंग्लिश थाटाची जॉर्जियन हवेली हवी होती, तीही नाताळपर्यंत, विल्यम्सनी ती रेखाटून दिली पण सोबत मॉडर्न घराचंही चित्र ठेवलं आणि त्याने ते निवडलं. तिथून विल्यम्सची सगळी कारकीर्द घडली.

रविवार

सकाळी गावाच्या उत्तरेला स्टीलची घरं. १९६१-६२, डोनाल्ड वेक्सलर आणि रिचर्ड हॅरिसन, बिल्डर परत अलेक्झांडर. वाळवंटात लाकूड तडकतं, वाकतं, वाळवी लागते, स्टीलला यातलं काही नाही हा विचार. स्वयंपाकघर आणि बाथरूम मिळून घराचा मधला गाभा कारखान्यात तयार करून ट्रकवरून आणायचा, क्रेनने ठेवायचा आणि भोवती स्टीलचे पॅनेल, काच आणि छप्पर जोडायचं. ३८ घरांची योजना होती. ७ बांधून झाली आणि स्टीलचे भाव चढले, हिशोब बसेना, काम थांबलं. ती सातही आज उभी आहेत आणि त्यातल्या एकाचं नाव २०१२ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत गेलं. काहींची छपरं कागदाला चुण्या घालून उघडावा तशी. लहान घरं आहेत, खरंच लहान, आणि इतकी तरतरीत की साठ वर्षं झालीत हे पटत नाही.

स्टीलवरून आठवलं, गावातल्या आर्ट म्युझियमजवळ आता अॅल्युमिनेअर हाउस उभं केलंय. फ्राय अमेरिकेत नवीन असताना ए. लॉरेन्स कोचरबरोबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी केलेलं धातूचं घर. ते किती वेळा सुटं झालं आणि जोडलं गेलं, शेवटी ते इथे आणलं आणि २०२४ मध्ये खुलं झालं. बाहेरून बघून पुढे निघालो कारण दुपार मी सेक्शन १४ साठी ठेवली होती.

या गावाची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंचे एक एक चौरस मैलाचे विषम क्रमांकाचे तुकडे दिले, आणि सम क्रमांकाचे तुकडे इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अगुआ कालिएंते काविया जमातीच्या राखीव जमिनीत गेले. ही राखीव जागा १८७६ ची, आज सुमारे ३२,००० एकर. त्यामुळे आजही एका रस्त्याच्या या बाजूचं घर स्वतःच्या जमिनीवर आणि त्या बाजूचं जमातीकडून लीजवर घेतलेल्या जमिनीवर असं असतं, घर तुमचं पण खालची जमीन नाही, दर महिन्या-वर्षाला भाडं, आणि लीज संपत आली की किंमत उतरते. विक्रीच्या पाट्या वाचताना हे आधी बघावं लागतं.

सेक्शन १४ हा त्यातला अगदी डाउनटाउनला लागून असलेला, गरम पाण्याचे झरे असलेला तुकडा. सोन्यासारखी जागा. पण बरीच वर्षं जमातीच्या लोकांना ती जास्त मुदतीने लीजवर देता येत नव्हती, त्यामुळे मोठं बांधकाम होत नव्हतं. तिथे कोण राहत होतं, तर कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबं, जी या गावात सुतारकाम, बागकाम, धुणीभांडी, हॉटेलात काम करायची. बाकी वस्त्यांमध्ये त्यांना घर मिळायचं नाही, खरेदीखतातच तशा अटी असायच्या. १९५९ मध्ये कायदा बदलला आणि ९९ वर्षांची लीज देता येऊ लागली. जमीन एकदम मौल्यवान झाली आणि रहिवासी नकोसे झाले. पन्नाशीच्या शेवटापासून साठच्या दशकात त्यांना काढलं गेलं, घरं पाडली, शहराच्या अग्निशमन दलाने जाळली. काहींना तर कामावरून परत आल्यावर घर नाही हे कळलं. १९६८ मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या खात्याने यावर अहवाल दिला, अत्यंत कडक शब्दांत. शहराने औपचारिक माफी मागायला २०२१ उजाडलं आणि भरपाईचा समझोता २०२४ मध्ये झाला, ५९ लाख डॉलरचा.

तारखा जुळवून बघा म्हणजे काय ते समजेल. ट्विन पाम्स १९५७, व्हिस्टा लास पाल्मास त्यानंतर लगेच, स्टीलची घरं १९६२. तीच वर्षं. एकीकडे काचेच्या भिंती उभ्या राहत होत्या आणि त्या पुसणाऱ्या, त्यांची बाग राखणाऱ्या माणसांची घरं दोन-तीन मैलांवर जळत होती. ताई इतकी वर्षं कॅलिफोर्नियात राहते, दरवर्षी नाताळात इथे यायची, तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "कालच्या बसमध्ये एक अक्षर नाही बोलले गं यावर." नाही बोलले. आणि मला ते चुकीचं वाटतं. क्रिसेलच्या चौकोनाचं कौतुक मला मनापासून आहे, त्यात तसूभर फरक पडलेला नाही, पण हा इतिहास वास्तूंचा म्हणून सांगायचा तर कुठल्या जमिनीवर काय राहिलं आणि काय जाळलं तेही त्यातच येतं ना.

आज तिथे जमातीचं नवीन सांस्कृतिक केंद्र आणि म्युझियम आहे, २०२३ मध्ये उघडलेलं, झऱ्याच्या पाण्याचा स्पा शेजारीच. म्युझियममध्ये निवांत वेळ द्या. या खोऱ्यात माणसं हजारो वर्षं राहत आलीत, दऱ्यांमधल्या पामच्या सावलीत, पाण्याच्या काठाने, हे तिथे नीट समजतं.

सोमवार

शेवटचं घर, फ्राय हाउस टू. याची तिकिटं मिळायला महाकठीण कारण घर एवढंसं आहे की एका वेळी मूठभर लोकच आत जाऊ शकतात.

आल्बर्ट फ्राय मूळचे स्वित्झर्लंडचे, पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिये या नामवंत मॉडर्न आर्किटेक्टकडे काम केलेले, १९३४ मध्ये इथे आले आणि या वाळवंटाच्या प्रेमातच पडले. स्वतःसाठी त्यांनी डोंगराच्या उतारावर, गावापासून २२० फूट उंच जागा शोधली. काठी रोवून वर्षभर सूर्याची सावली मोजली म्हणे, मग नकाशा काढला. १९६४ मध्ये घर पुरं झालं. आकार किती, तर ८०० स्क्वेअर फूट. अख्ख्या गावाला आकार देणाऱ्या माणसाचं घर ८०० स्क्वेअर फूट!

आणि घरात एक शिळा आहे. उतारावर मुळातच होती ती, प्रचंड मोठी. फोडायच्या ऐवजी त्यांनी घर तिच्याभोवती बांधलं. अर्धी आत, अर्धी बाहेर. मध्ये काचेची भिंत येते आणि ती काच दगडाच्या प्रत्येक खाचेप्रमाणे कापलेली आहे, मी अगदी वाकून बघितलं, काच आणि दगड यांच्यात बारीकशी फट भरून घेतलीय आणि एक पाल बाहेरच्या अंगाने दगडावर चढून काचेपाशी येऊन थांबली होती. शिळेच्या या बाजूला बैठक, त्या बाजूला पलंग. भिंत म्हणून तीच. पडदे पिवळे, कारण वसंतात डोंगरभर फुलणारी ब्रिटलबुशची फुलं तशी पिवळी. छत निळं. बाहेरचं छप्पर साधा नागमोडी पत्रा, अॅल्युमिनियमचा, आणि कारपोर्टच्या डोक्यावरच पूल. बसायच्या जागी टेबल, कपाटं सगळं भिंतीत बसवलेलं, उठायचं-बसायचं जेमतेम. तरी कोंडल्यासारखं अजिबात वाटत नाही, समोर अख्खं गाव पसरलेलं असतं.

१९९८ मध्ये जाईपर्यंत ते इथेच राहिले आणि घर आर्ट म्युझियमला देऊन गेले.

तिथून ट्विन पाम्सची छपरं शोधायचा प्रयत्न केला. झाडी बरीच वाढलीय. ताईने बोट दाखवून पुढे सेक्शन १४ चा चौकोन ओळखून दाखवला, तिथे आता हॉटेलं आणि कॅसिनो आहेत, आणि मग आम्ही खाली उतरून गाडी काढली.

जाणार असाल तर थोडं कामाचं: मॉडर्निझम वीकची तिकिटं काही महिने आधी निघतात आणि आतून घरं बघायच्या टूर्स पहिल्यांदा संपतात, ऑक्टोबरमध्ये याचंच छोटं रूप असतं तेव्हा गर्दी कमी. ट्विन पाम्स सकाळी लवकर पायीच फिरा, गाडीतून छपरं दिसतात पण घरं कशी फिरवलीत ते कळत नाही. खाजगी घरांच्या आवारात शिरू नका, लोक राहतात तिथे. पाणी फेब्रुवारीतही भरपूर न्या. आणि जमातीचं म्युझियम पहिल्याच दिवशी करा, आम्ही रविवारी केलं, पण ते आधी बघितलं असतं तर बसच्या टूरमध्ये गाईडला विचारायला बरेच प्रश्न हाताशी असते.